परराष्ट्र मंत्रालयाची प्रसिद्धी सेवा : माईक चांगला, माल उशिरा

परराष्ट्र मंत्रालयात बाह्य प्रसिद्धी आणि सार्वजनिक राजनय असा एक विभाग आहे. दिल्लीतले पत्रकार त्याला नुसतं ‘एक्सपी’ म्हणतात. प्रवक्त्यांचं ब्रीफिंग, निवेदनं, ‘इंडिया पर्स्पेक्टिव्हज’ हे नियतकालिक, परदेशी पत्रकारांशी रोजचा संबंध, वकिलातींना पुरवायचा मजकूर हे सगळं तिथून चालतं. आकाशवाणीची विदेश सेवा आणि डीडी इंडिया प्रसार भारतीकडे आहेत, पण परदेशी माणसाला हे खातेवाटप ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ते सगळं ‘भारत सरकार’. म्हणून इथे सगळ्याचं मिळून परीक्षण केलं आहे.

आधी ग्राहक कोण ते ठरवू, कारण नव्वद टक्के गोंधळ तिथेच होतो. आपण प्रवक्त्यांच्या उत्तराची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर बघतो, ‘काय ठणकावलं!’ म्हणतो आणि सेवा उत्तम चालली आहे असं समजतो. पण ही सेवा आपल्यासाठी नाहीच. तिचा ग्राहक म्हणजे जकार्तातला रात्रपाळीचा उपसंपादक, ब्रसेल्समधल्या खासदाराचा सहायक, बोगोतातल्या परराष्ट्र खात्यातला अधिकारी. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: लवकर मिळणारी माहिती, पडताळता येईल असा पुरावा, आणि तो जशाच्या तशा वापरू शकेल असा मजकूर. याच तीन कसोट्या लावून बघू.

साप्ताहिक ब्रीफिंगपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात नियमित तेच आहे. बहुतेक गुरुवारी किंवा शुक्रवारी होतं, यूट्यूबवर थेट दिसतं, आणि प्रश्नोत्तरांचा शब्दशः मजकूर संकेतस्थळावर चढतो. २०२४ च्या सुरुवातीपासून रणधीर जयस्वाल ते घेत आले आहेत. स्वर शांत, आवाज चढत नाही, इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत उत्तरं मिळतात. जुने मजकूर वर्षानुवर्षांचे जपलेले आहेत आणि अभ्यासकाला या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच. अमुक प्रश्नावर दिल्लीची भूमिका पाच वर्षांपूर्वी काय होती, ते दहा मिनिटांत शोधता येतं.

दोष मांडणीत आहे. एकाच विषयावरचे चार-पाच प्रश्न आधी गोळा करतात आणि सगळ्यांना मिळून एक उत्तर देतात. वेळ वाचतो, पण नेमका टोकदार प्रश्न त्या गठ्ठ्यात हरवतो. त्या पत्रकाराच्या बातमीत मग ‘मंत्रालयानं यावर थेट उत्तर दिलं नाही’ एवढंच छापून येतं. दुसरा दोष निवेदनांचा. ‘माध्यमांच्या प्रश्नांना प्रवक्त्यांचं उत्तर’ या शीर्षकाखाली तीन-चार वाक्यं येतात, पार्श्वभूमी शून्य. जकार्तातल्या उपसंपादकाला तर पार्श्वभूमीचा परिच्छेद लागतोच. तो आपण दिला नाही की तो वृत्तसंस्थेच्या जुन्या बातमीतून उचलतो, आणि वाचकाच्या डोक्यात तोच परिच्छेद बसतो. उपाय फुकटातला आहे. प्रत्येक निवेदनाखाली शंभर-सव्वाशे शब्दांची टीप द्यायची: आधी काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणता करार किंवा ठराव लागू आहे, नकाशाचा दुवा. मत एकही नको. मत घातलं की उपसंपादक ती टीप अख्खी खोडून टाकतो.

आता मे २०२५. या सेवेची अलीकडची सगळ्यात मोठी परीक्षा हीच, म्हणून इथे थोडं रेंगाळायला हवं.

२२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. ७ मेच्या मध्यरात्रीनंतर ऑपरेशन सिंदूरमध्ये नऊ ठिकाणी मारा झाला, आणि पाऊणेक तासात सरकारचं निवेदन बाहेर होतं. त्यात नेमकं काय होतं ते पाहण्यासारखं आहे: ठिकाणांची संख्या, पाकिस्तानी लष्करी तळांना हात लावलेला नाही हे स्पष्ट विधान, आणि सविस्तर माहिती नंतर देऊ असं आश्वासन. पहिल्या निवेदनात याहून जास्त काही लागत नाही. सकाळी साडेदहाला परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह समोर आले. कुरेशी हिंदीत, सिंह इंग्रजीत. लक्ष्यांची नावं, तिथे कोणती संघटना होती, माऱ्याची चित्रफीत. दोन बायका गणवेशात आणि शेजारी मुलकी अधिकारी, या चित्रानं परदेशी वाहिन्यांवर जे काम केलं ते दहा संपादकीयांनी झालं नसतं.

बालाकोटशी ताडून बघा म्हणजे प्रगती कळते. २६ फेब्रुवारी २०१९ ला पहाटे पहिली बातमी पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याच्या ट्विटमधून आली, आपलं निवेदन त्यानंतर काही तासांनी. तत्कालीन सचिव विजय गोखले यांनी ते वाचलं, पण पुराव्याचं एकही छायाचित्र दिलं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात रॉयटर्सनं व्यावसायिक उपग्रहाची चित्रं छापली, त्यात इमारती उभ्या दिसत होत्या. तिथून पुढे परदेशात चर्चा इमारतींची झाली, दहशतवाद बाजूला पडला. २०२५ मध्ये ही चूक सुधारली. ११ आणि १२ मेच्या ब्रीफिंगमध्ये आधीची-नंतरची चित्रं पडद्यावर दाखवली, आणि स्वतंत्र विश्लेषकांनी बाजारातून घेतलेल्या उपग्रहचित्रांशी ती जुळली. परदेशी माणसाचा विश्वास बसतो तो असा. आपण दाखवतो तेच तिसऱ्या माणसाला त्याच्या पैशानं तपासता आलं पाहिजे.

हे तंत्र आपल्याला नवं नाही. कारगिलच्या वेळी ११ जून १९९९ ला परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह यांनी पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ आणि लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्या दूरध्वनी संभाषणाची ध्वनिफीत आणि उतारा पत्रकारांपुढे ठेवला. दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीत येणार होते. घुसखोर म्हणजे मुजाहिदीन, हा पाकिस्तानचा दावा त्यानंतर कुणी गंभीरपणे घेतला नाही. कच्चा माल जसाच्या तसा दिला होता, त्यावर विशेषणांची फोडणी नव्हती.

२०२५ मध्ये गाडी घसरली ती दुसरीकडे. तीन जागा.

पहिली, १० मेची संध्याकाळ. पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा फोन दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी आला, गोळीबार ५ वाजल्यापासून थांबवायचं ठरलं. साडेपाचच्या आत ट्रम्प यांनी अमेरिकेच्या मध्यस्थीनं शस्त्रसंधी झाल्याचं जगाला सांगून टाकलं होतं. मिस्री साधारण सहा वाजता आले, छोटंसं निवेदन वाचलं आणि गेले. फोन दोन्ही लष्करांमध्ये झाला, कुणाची मध्यस्थी नव्हती, ही आपली बाजू. पण ती पोचेपर्यंत जगभरच्या वृत्तपत्रांची मथळ्याची जागा भरली होती, आणि पुढे कित्येक महिने तेच खोडत बसावं लागलं. पहिला मथळा बदलायला पहिला मथळा लिहिण्याच्या दसपट कष्ट पडतात. ३ वाजून ३५ मिनिटं ते ५ या दीड तासात, अंमल सुरू होताक्षणी सोडायला पाच ओळींचं निवेदन तयार ठेवता आलं असतं: कोणाचा फोन, किती वाजता, काय ठरलं, केव्हापासून, पुढचं बोलणं कधी. गुप्ततेची अडचण असेल तर ५ वाजून १ मिनिटानं सोडायचं.

दुसरी, विमानांचा प्रश्न. पाकिस्ताननं पहिल्याच दिवशी पाच विमानं पाडल्याचा दावा केला. पुरावा काय, असं सीएनएननं विचारल्यावर त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी समाजमाध्यमांकडे बोट दाखवलं आणि हसं करून घेतलं. आपल्यासाठी ती आयती संधी होती. आपण मात्र ना हो म्हणालो ना नाही. ११ मेला एअर मार्शल ए. के. भारती यांनी लढाईत नुकसान होतंच अशा अर्थाचं उत्तर देऊन विषय मिटवला. काही विमानं गमावल्याची स्पष्ट कबुली संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी ३१ मेला सिंगापुरात एका परदेशी वाहिनीला दिली. सहा विमानांचा आकडा साफ चुकीचा असल्याचंही त्यांनी तिथेच सांगितलं. मधल्या तीन आठवड्यांत ती पोकळी रॉयटर्सच्या अनामिक अमेरिकी सूत्रांनी भरली. युद्ध चालू असताना आकडा लपवण्यात गैर काही नाही. पण ‘मोहीम संपल्यावर माहिती देऊ’ एवढं वाक्य पहिल्या दिवशी म्हणून, मोहीम थांबल्यावर दोन-चार दिवसांत ते दिल्लीतून पाळलं असतं, तर कबुलीची बातमी एका दिवसात शिळी झाली असती.

तिसरी जागा सरकारची नव्हेच, आणि बिल मात्र सरकारच्या नावावर फाटलं. ८ मेच्या रात्री आपल्या कितीतरी वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्यापासून काय वाटेल ते दाखवलं. सायरनचे आवाज इतके की अखेर सरकारला वाहिन्यांना ते थांबवायला सांगावं लागलं. परदेशी पत्रकार हे सगळं बघत होते. सकाळी तेच पत्रकार मिस्रींच्या समोर बसले की त्यांच्या प्रत्येक विधानाला आदल्या रात्रीची कात्री लागते. पीआयबीची, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, तथ्यतपासणी त्या दिवसांत धडाधड शिक्के मारत होती, पण रोख मुख्यतः पलीकडून येणाऱ्या अफवांवर. आपल्या वाहिन्यांच्या दाव्यांवर तोच लाल शिक्का त्याच वेगानं बसला असता तर परदेशातली पत दुप्पट वाढली असती. त्या शिक्क्यांचा आणखी एक दोष: स्क्रीनशॉटवर ‘खोटं’ लिहून काम भागत नाही. मूळ चित्रफीत कुठली, कोणत्या वर्षाची, दुवा कुठे, हे दिलं तरच बाहेरचा तपासनीस ते वापरू शकतो.

वेळेबद्दल थोडं. सकाळचे साडेदहा म्हणजे उन्हाळ्यात लंडनचे सहा आणि न्यूयॉर्कचा रात्रीचा एक. अमेरिकेतल्या संपादकांना ही वेळ निरुपयोगी. ८ आणि ९ मेला ब्रीफिंग संध्याकाळी साडेपाचला झालं, म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे आठ, वॉशिंग्टनची दुपारची बातमीपत्रं हाताशी. संकटकाळात हीच वेळ कायम ठेवावी. आणि दाखवलेली चित्रफीत बोधचिन्ह, संगीत, पट्ट्या काढून, पूर्ण स्पष्टतेची, वेळ आणि अक्षांश-रेखांशासह त्याच वेळी उतरवून घेता आली पाहिजे. पडद्यावरून मोबाइलनं टिपलेली चित्रं छापायची पाळी वृत्तसंस्थेवर आली तर तो पुरावा निम्मा वाया गेला म्हणून समजा.

यानंतर निघालेली सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं हा या सेवेतला सगळ्यात विचारपूर्वक केलेला भाग. ५१ राजकीय नेते आणि ८ माजी राजदूत, तिसाहून जास्त राजधान्या. महाराष्ट्रातून दोन गटांचं नेतृत्व होतं: सुप्रिया सुळे यांचा गट कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया, इजिप्तला गेला, श्रीकांत शिंदे यांचा संयुक्त अरब अमिराती, काँगो, सिएरा लिओन, लायबेरियाला. ‘लायबेरियाला कशाला?’ अशी टिंगल आपल्याकडे भरपूर झाली. यादी सुरक्षा परिषदेच्या खुर्च्यांशी लावून बघा. सिएरा लिओन, गयाना, पनामा, अल्जीरिया, स्लोव्हेनिया, ग्रीस हे त्या वर्षी परिषदेत होते. काँगो, लायबेरिया, लॅटव्हिया, कोलंबिया जून २०२५ मध्ये पुढच्या दोन वर्षांसाठी निवडून आले. आणि पाकिस्तान स्वतः तिथे बसला होता. पहलगामवरच्या परिषदेच्या निवेदनातून टीआरएफचं (‘द रेझिस्टन्स फ्रंट’, हल्ल्याची जबाबदारी आधी घेणारी संघटना) नाव आपण काढायला लावलं, असं त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगितलेलं. त्या खोलीत पुढच्या वेळी कोण बसणार याचा हिशोब करून तिकिटं काढली होती.

फळही हाती लागलं. पाकिस्तानातल्या मृतांबद्दल शोक व्यक्त करणारं निवेदन कोलंबियानं केलं होतं. शशी थरूर यांच्या गटानं बोगोतात जाऊन नाराजी सांगितल्यावर ते मागे घेतलं गेलं. जुलैत अमेरिकेनं टीआरएफला दहशतवादी संघटना ठरवलं. त्याचं सगळं श्रेय दौऱ्यांना देणं धाडसाचं होईल, पण पुराव्याच्या फायली योग्य टेबलांवर पोचल्या होत्या हे नक्की. कमी काय पडलं? नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश यादीतच नव्हते. शेजाऱ्यांना सगळं माहीत असतं असं दिल्लीला कायम वाटतं. आणि असा दौरा एकदाच होतो. खासदार परतले, पंतप्रधानांबरोबर फोटो झाला. पुढे सहा महिन्यांनी त्याच खासदाराचा त्याच समितीच्या अध्यक्षाला फोन जातो का, यावर त्या तिकिटांची वसुली ठरते.

आता या सेवेचं सर्वांत चांगलं पान आणि सर्वांत वाईट उत्तर, दोन्ही एकाच प्रकरणातली: कोविडच्या लशी. जानेवारी २०२१ मध्ये भूतान आणि मालदीवपासून लशी पाठवायला सुरुवात झाली. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एक साधा तक्ता होता: देश, भेट म्हणून किती, विकत किती, कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेतून किती, तारीख. भाषण नाही, घोषणा नाही. जगभरच्या पत्रकारांनी आणि संशोधकांनी तो तक्ता वापरला, कारण बेरीज स्वतः करून बघता येत होती.

मग दुसरी लाट आली आणि निर्यात आटली. बांगलादेशनं पुण्याच्या सीरमशी ३ कोटी मात्रांचा करार केला होता. फेब्रुवारीपर्यंत ७० लाख पोचल्या, भारतानं भेट दिलेल्या वेगळ्या, आणि पुढचा पुरवठा थांबला. पहिली मात्रा घेतलेली लाखो माणसं ढाक्यात दुसरीची वाट बघत होती. दिल्लीचं उत्तर होतं, निर्यातबंदी लादलेली नाही. कागदोपत्री खरं, आणि ढाक्यातल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या काहीही कामाचं नाही. त्याला एवढंच हवं होतं: पुढच्या लशी कोणत्या महिन्यात येणार. ‘जूनपर्यंत काही येणार नाही, दुसरी सोय बघा’ असं कडू उत्तर मिळालं असतं तर त्यानं चीनशी बोलणी एप्रिलऐवजी मार्चमध्ये सुरू केली असती, आणि आपल्याबद्दलचा राग निम्मा राहिला असता. तक्त्यातून कमावलेली पत एका गोलमोल वाक्यात गेली. मदतीची जाहिरात करणाऱ्या प्रत्येक सरकारनं मदत थांबवायचं निवेदनही त्याच दिवशी लिहून ठेवावं.

बाकीच्या वस्तू झटपट. ‘इंडिया पर्स्पेक्टिव्हज’ सोळा भाषांत निघतं, छपाई-मांडणी देखणी. योग, भरड धान्यं, मंदिरं, हस्तकला. वकिलातीच्या प्रतीक्षागृहात छान. संकटात उपयोग नाही आणि तशी अपेक्षाही नको. पण सोळा भाषांत अनुवाद करणारी माणसं आहेत, तर निवेदनं आणि पार्श्वभूमीची टीप अरबी, फ्रेंच, स्पॅनिश आणि इंडोनेशियाच्या बहासात त्याच दिवशी का जात नाहीत, हा प्रश्न विचारायला हवा. डीडी इंडिया १९९५ मध्ये परदेशासाठी सुरू झालेल्या वाहिनीचा आजचा अवतार, २०१९ पासून पूर्ण इंग्रजी बातम्या. खासगी वाहिन्यांच्या आरडाओरड्यानंतर कानाला बरी वाटते. मात्र चर्चेत विरोधी मताचा पाहुणा शोधूनही सापडत नाही, आणि परदेशी प्रेक्षक त्याच कारणानं दोन मिनिटांत पुढे जातो.

आकाशवाणीची विदेश सेवा १ ऑक्टोबर १९३९ ला अफगाणिस्तानसाठी पश्तूतून सुरू झाली, जर्मन प्रचाराला उत्तर म्हणून. एवढा जुना वारसा थोड्या देशांकडे आहे. २०१६ मध्ये बांगलादेशसाठी ‘आकाशवाणी मैत्री’ सुरू केली, पश्चिम बंगालमधल्या चिनसुरा इथल्या १,००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून. यंत्रणा डिजिटल रेडिओ मोंदियाल तंत्राची, आवाज स्वच्छ. पण ते पकडणारे संच महाग आणि घरोघरी नाहीतच. प्रक्षेपकावर कोट्यवधी घालून श्रोत्याच्या हातातल्या संचाचा विचार न करणं ही सरकारी खरेदीची जुनी खोड.

मराठी वाचकाला उलट्या बाजूचा अनुभव घरबसल्या घेता येतो. ब्रिटिश सरकारनं बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या विस्तारासाठी २८.९ कोटी पौंड जाहीर केले, आणि त्यातूनच २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसी मराठी सुरू झाली. तिथे लंडनचं कौतुक सापडत नाही. ऊसदर, पीकविमा, मराठा आरक्षण सापडतं, आणि ब्रिटिश सरकारवर टीकाही. पैसा सरकारचा पण संपादकाच्या खुर्चीत सरकार नाही, हे माहीत असल्यामुळेच आपण ती बातमी वाचतो. डीडी इंडिया किंवा मैत्रीला असं अंतर मिळेल असं आज तरी दिसत नाही.

शेवटी एक वाहिनी जी या विभागाच्या यादीत कधी नसते: दिल्लीत राहणारे परदेशी वार्ताहर. त्यांच्या बातम्या जितक्या वाचल्या जातात तितकं कुठलंही सरकारी मासिक वाचलं जात नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला) पत्रकारितेसाठी वेगळी परवानगी लागते. बाकीच्यांचा व्हिसा मुदतीनं वाढवावा लागतो. व्हिसाची वाट बघणारा वार्ताहर ब्रीफिंगला येतो तेव्हा अर्ध लक्ष त्या अर्जात असतं, आणि परवानगी नाकारली गेली तर तीच जगभर बातमी होते. अर्जावर ठरलेल्या दिवसांत हो किंवा नाही, नाही असेल तर लेखी कारण, आणि सीमाभागात जायच्या परवानगीसाठी एकच खिडकी, एवढं गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांनी मिळून केलं तर त्याला ना प्रक्षेपक लागतो ना शिष्टमंडळ.

गुण द्यायचे तर: संग्रहित मजकूर ५ पैकी साडेचार, संकटातलं ब्रीफिंग ४, पुराव्याची उपलब्धता ३, वाईट बातमी सांगण्याची पद्धत दीड, रेडिओ १. अभ्यासासाठी वापरणाऱ्यांनी निवेदनापेक्षा त्या आठवड्याच्या प्रश्नोत्तरांचा पूर्ण मजकूर उघडावा. प्रवक्ते कोणत्या प्रश्नाला वळसा घालून गेले ते तिथेच दिसतं.